घरी उजवा, शाळेत डावा

बाईंनी मला फसवलं. माझ्याच नातीला हाताशी धरून, पुरतं एक वर्ष फसवलं. आणि मला त्याचा पत्ता लागला तो श्रावणात, ऐन आखणीच्या दिवसांत.

पेणमध्ये मी गेली चाळीस वर्षं गणपतीच्या मूर्तींचा धंदा करतो. गोड बोलणाऱ्या पार्ट्या पाहिल्या, रडून दाखवणाऱ्या पाहिल्या, तावातावानं उठून जाणाऱ्या आणि गल्लीच्या टोकावरून परत येणाऱ्या पाहिल्या. मी याला गंडवलं असं म्हणणारा माणूस तुम्हाला पनवेलपासून रोह्यापर्यंत सापडणार नाही. मला गंडवलं ते पहिली-दुसरीच्या वर्गाच्या एका बाईंनी. हातात खडू, खांद्याला कापडी पिशवी, पायात पावसाळी चपला. आवाज असा की शेजारच्या माणसालाही कान द्यावा लागावा.

आज सात वर्षं झाली. श्रावण आला की ते सगळं पुन्हा वर येतं. कारखान्यात ओल्या शाडूचा वास भरतो. हा वास मला भाताच्या वासाइतका ओळखीचा आहे. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, फळ्यांवर मूर्ती ओळीनं उभ्या असतात, अंगाचे रंग झालेले, पितांबर झालेलं, सोंडेवरची नक्षी झालेली. फक्त डोळे नसतात. डोळे सगळ्यात शेवटी. त्याला आम्ही आखणी म्हणतो. आखणी होईपर्यंत ती मूर्ती म्हणजे माल. तिला उलटी करा, तिला पाय लागणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात सरकवा, तिच्यासमोर बसून शिव्या द्या, चालतं. एकदा का डोळे आखले की संपलं. मग तो बघतो. माझ्या मामाच्या कारखान्यात एक रीत होती आणि ती मी अजून पाळतो : डोळे आखलेल्या मूर्तीसमोर घासाघीस करायची नाही. म्हणून पार्टी आली की मी तिला बिनडोळ्यांच्या फळ्यांकडे नेतो. तिथं माझी जीभ मोकळी सुटते. आखणी झालेल्या बाजूला मी मुका.

ही रीत ध्यानात ठेवा. मला तिनंच मारलं.

आर्या माझी एकुलती एक नात. माझा मुलगा संदेश रोह्याजवळ कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. तो तिकडे खोली घेऊन राहायचा, रविवारी पॅसेंजरनं पेणला यायचा. सून आणि नात आमच्याकडे. नातीला मी खांद्यावर घेऊन मोठी केली. पहिलीत जाईपर्यंत ती माझी होती. मग ती बाईंची झाली.

शाळा गावाच्या खाडीकडच्या टोकाला. बाकं नाहीत, चटया. घंटा नाही, बाई टाळ्या वाजवतात. पेपर नाहीत, नंबर नाही. पहिला कोण आला विचारलं तर पोरं म्हणतात, "सायली आली, ती जवळ राहते." मुलांच्या कलानं शिकवणारी शाळा, असं सूनबाईनं मला सांगितलं. मी म्हटलं, मुलांच्या कलानं चाललं तर जगात कोणी आंघोळ करणार नाही.

पण घरात दिवसभर एकच. आमच्या बाई म्हणतात, बेडकाला कान असतात. आमच्या बाई म्हणतात, पानात टाकलं तरी चालेल पण खोटं जेवायचं नाही. आमच्या बाईंना गजरा आवडतो पण त्यांना शिंका येतात. मी तिला मुंबईहून लाल दिव्यांचे बूट आणले. चालताना टाचेत दिवे लागायचे. तिनं ते घातले, आरशासमोर तीन उड्या मारल्या आणि म्हणाली, "आजोबा, उद्या बाईंना दाखवते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचा पुढचा दात पडला. आमच्याकडे दुधाचा दात छपरावर फेकतात. मी हात पुढे केला.

"दे गो, छपरावर टाकतो."

तिनं मूठ मिटली. "नाय. तो बाईंना द्यायचा हाय."

"बाईंना? दात? त्या काय करणार तुझ्या दाताचं?"

"डबीत ठेवतात. सगळ्यांचे ठेवतात. नाव लिहून."

मी बायकोकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालून हसली. माझ्या घरातला दात! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुम्ही हसाल, पण ज्याच्या घरातून दात जातो त्याला विचारा.

त्या बाईंबद्दल माझ्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती त्याआधीची, होळीच्या सुमाराची. मी टेंपो घेऊन धरमतरकडून येत होतो. मिठागरांच्या बांधावरून एक बाई छत्री धरून चालली होती. ऊन असं की मिठाच्या राशींकडे बघवत नव्हतं. जवळ आल्यावर ओळखलं. मी टेंपो थांबवला.

"बाई, इकडं कुठं?"

"सुगंधा तीन दिवस आली नाही. बघायला चाललेय."

"अहो, कोणाबरोबर निरोप धाडायचा."

"निरोपानं मूल येत नाही, काका."

एवढं बोलून त्या चालू लागल्या. पुढे बांध मोडला होता. त्यांनी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि चिखलात उतरल्या. सुगंधा म्हणजे मिठागरावर काम करणाऱ्या एका कुटुंबातली पोर. आई मीठ ओढायला जाते म्हणून धाकट्या भावाला सांभाळत घरी बसलेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, भावाला कडेवर घेऊन. तो भाऊ वर्षभर चटईवर एका कोपऱ्यात झोपला, आणि बाई त्याला मांडीवर घेऊन पाढे म्हणत, असं आर्या सांगायची.

दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला राग आला. कारण चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि मला बघायला बांधावरून कोणी आलं नाही.

माझं गाव रोह्याच्या पलीकडे, नदी उतरून गेलं की. बापाची भातशेती, भात निघाल्यावर वाल. शाळा देवळाच्या ओसरीत, चार वर्ग आणि एक गुरुजी. मी डावरा. पाटीवर पेन्सिल धरली की डाव्या हातात जायची, मी ठरवून काही करत नव्हतो. पहिले काही दिवस गुरुजींनी छडी मारली. नंतर त्यांना छडीचा कंटाळा आला. त्यांनी सुतळी आणली आणि माझं डावं मनगट माझ्याच करगोट्याला बांधलं. शाळा भरली की बांधायचं, सुटली की सोडायचं. तो सगळा श्रावण मी एका हातानं काढला. माशी बसली तर फुंकर मारायची. नाक गळलं तर खांद्याला पुसायचं. पोरं म्हणायची, "डावऱ्या, तुझा गाय बांधल्यासारखा हात बांधलाय." घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बापानं गुरुजींना वालाच्या शेंगा नेऊन दिल्या असत्या.

गुरुजी वाईट नव्हते. एकदा मला ताप भरला तेव्हा त्यांनी मला पाठीवर घेऊन नदीपार घरी आणलं. तेव्हाही हात बांधलेलाच होता. सोडायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

दिवाळीपर्यंत मी उजव्यानं लिहायला लागलो. चौथीनंतर बापानं मला हमरापूरला मामाच्या कारखान्यात आणून सोडलं. माती तुडवली, साचे भरले, सांधे घासले. मला खूळ होतं ते डोळ्यांचं. मामा आखणीला बसला की मी श्वास धरून बघायचो. एक रेघ वरून, कानाकडे जाणारी, मग खालची, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती दचकून जागी व्हायची. दोन वर्षांनी मामानं माझ्या हातात ब्रश दिला. हात आपोआप डावा गेला. मामानं तो झटकला.

"देवाचे डोळे डाव्या हातानं काढतोस? अक्कल हाय का नाय?"

मी ब्रश उजव्यात घेतला. रेघ निघाली ती पाण्यात काठी वाकडी दिसते तशी. मामानं ओल्या फडक्यानं डोळा पुसला. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. पाच वेळा पुसल्यावर तो म्हणाला, "तुझं तोंड चांगलं चालतं. तू माल विक."

मी माल विकला. मोठा झालो. माझा कारखाना झाला, माझे पाच आखणीवाले झाले. उजव्या हातानं मी सही करतो, पावत्या लिहितो, जेवतो, नमस्कार करतो. शिकलेला हात आहे. पण मारून शिकलेला आहे, आणि मारून शिकलेल्या हाताला रेघ येत नाही.

तर त्या श्रावणात शाळेतून निरोप आला : पोरांना गणपती करायचेत, शाडू हवा. मी चांगल्या मळलेल्या मातीची पोती पाठवली. मनात होतं की बाई आता मला बोलावतील, कारागीर धाडा म्हणतील, दाखवायला या म्हणतील. कोणी बोलावलं नाही. शनिवारी आर्याला आणायला मी आपणहून गेलो आणि खिडकीतून आत बघितलं. फळीवर एकतीस गणपती. एकाची सोंड फणसाच्या देठासारखी. एक झोपलेला. एकाच्या पोटावर गुंडी. एकाचा उंदीर त्याच्यापेक्षा मोठा, आणि त्यानं गणपतीला मांडीवर घेतलेलं. माझी माती! हमरापूर, जोहे, पेण, या पट्ट्यात जन्मलेली पोरं, आणि गणपती असले? गावात कोणी बघितलं तर काय म्हणेल?

"बाई, हे नीट करून घ्या की कोणाकडून," मी म्हटलं.

"नीटच आहेत काका. ज्याचा गणपती त्यानं केलाय."

मला ते झोंबलं. मी गप्प बसलो, पण मी गप्प बसलो की काहीतरी करणार हे माझ्या बायकोला माहीत असतं.

रविवारी सकाळी मी शाळा झाडणाऱ्या मावशींकडून किल्ली घेतली आणि माझा जुना कारागीर काशिनाथ याला घेऊन वर्गात शिरलो. माती अजून ओली होती. काशिनाथनं चटईवर बसकण मारली, पाण्याचं डबडं घेतलं आणि कामाला लागला. त्याचा हात म्हणजे साचाच. सोंडा सरळ झाल्या, पोटं गोल झाली, झोपलेला उठून बसला, उंदीर पायाशी गेला. दुपारी दोनच्या सुमाराला तो थांबला.

"शेठ, ह्याला पाच हात हायेत."

मी बघितलं. चार हात जागच्या जागी, आणि पाचवा पाठीमागून निघालेला, डावीकडे, पुढून दिसू नये असा. बोटं मात्र नीट केलेली. बाकीच्या चार हातांना बोटं नव्हती.

"पोरांना मोजता येत नाय. काढ."

"काढू ना?"

"काढ म्हणतो तर."

त्यानं हात मोडला, जागा अंगठ्यानं सारखी केली. संध्याकाळी एकतीस मूर्ती फळीवर अशा दिसत होत्या की मी त्या कुठल्याही पार्टीला दाखवल्या असत्या. मला खरंच बरं वाटलं. बाईंना दात मिळाला होता. आता पोरं माझंही नाव काढतील, असं मला वाटलं. ही चूक आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. दुसऱ्या कोणाला एवढं जमलंही नसतं.

सोमवारी मी दुपारपासून ओट्यावर बसून होतो. आर्या आली, माझ्या बाजूनं आत गेली. बूट काढले नाहीत, पाणी मागितलं नाही. सून मागून आली. ती माझ्याशी कधी वर मान करून बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"बाबा, तुम्ही शाळेत काय केलंत?"

"का? आवडलं नाय?"

"एकतीस पोरं रडत होती. माझा गणपती कुठाय, माझा गणपती कुठाय म्हणून. एकालाही आपला ओळखता आला नाय."

"मग? बाई काय म्हणाल्या? माझ्या नावानं शंख केला असेल."

"नाय. त्या म्हणाल्या, आजोबांनी आपल्यावर माया केली, पण त्यांना आपले गणपती माहीत नव्हते. मग सगळ्यांनी मिळून ते पाण्यात घातले. आता पुन्हा करतायत."

पाण्यात घातले! काशिनाथच्या हातचं काम, बादलीत! माझं डोकं फिरलं. मी तिथंच ठरवलं. रोह्याला एका इंग्रजी शाळेत मी जूनपासून शब्द टाकून ठेवला होता, जागा धरलेली होती. संदेशची खोली तिथंच. सूनबाई आणि नात तिकडे राहतील, पोर टायबूट घालून जाईल, चार इंग्रजी शब्द बोलेल. माझ्यापासून लांब जाईल हे मला कळत होतं. पण बाईंपासूनही जाईल. हिशेब एवढाच होता, आणि तो बोलून दाखवायची लाज वाटते म्हणून लिहून टाकतो.

"दाखला काढून आणतो," मी म्हटलं. सूनबाईनं पाठ फिरवली. आत जाऊन तिनं भांडं आपटलं. बायको म्हणाली, "अहो, तुमचं भांडण बाईंशी आहे. पोरीला कुठं ढकलता?"

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी गेलो. सगळं तयार करून गेलो होतो. बाई अडवणार, मी आवाज चढवणार, त्या अर्धं वर्ष संपू द्या म्हणणार, मी आजच्या आज म्हणणार, मग दिवाळीवर तुटणार. कुठे चढायचं, कुठे उतरायचं, मी वाटेत पाठ केलं.

"या काका. इथंच बसा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला वर्गाच्या मधोमध चटईवर बसवलं. मी बसलो, तोंड उघडलं, आणि वर बघितलं.

तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर एकतीस गणपती. फणसाच्या देठाची सोंड परत आलेली, झोपलेला परत झोपलेला, उंदीर परत मांडी घालून बसलेला. आणि सगळ्यांना डोळे. आखणी झालेली. झोपलेल्यालासुद्धा, एक डोळा किलकिला.

माझी जीभ टाळूला चिकटली.

"बोला ना काका."

"बाहेर बोलू."

"बाहेर पाऊस आहे."

"मग ऑफिसात."

"तिथं मूल झोपलंय, सुगंधाचा भाऊ." बाई हसल्या. मग त्या वेगळ्याच बोलीत म्हणाल्या, "माझे बाबा जोह्याला आखणी करायचे, काका. डोळे आखल्यावर घासाघीस नाय, ही रीत आमच्याकडंपण हाय."

त्यांना माहीत होतं. मला जाणूनबुजून तिथं बसवलं होतं. चाळीस वर्षांत माझ्या जिभेला कुलूप घालणारी एकच व्यक्ती भेटली आणि ती मांडी घालून समोर बसली होती, हाताला खडू लागलेला.

"आर्याचा दाखला द्या," मी एवढंच म्हणू शकलो.

"देते." त्यांनी खरंच रजिस्टर ओढलं. अडवलं नाही. मला अडवलेलं हवं होतं. "फक्त तिकडे एक विचारून घ्या. ती डाव्या हातानं लिहिते, ते चालेल ना."

"कोण डाव्या हातानं?"

"आर्या."

"कायतरी काय! घरी ती उजव्यानं लिहिते, उजव्यानं जेवते."

"घरी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पहिलीच्या जूनमध्ये पोर शाळेत आली ती डाव्या हातावर बसायची. मांडीखाली हात, दिवसभर. पेन्सिल उजव्यात, पण कागदावर टेकवायची नाही. बाईंनी विचारलं नाही. त्या तिच्या डाव्या बाजूला बसायला लागल्या. आधी त्या हाताला नुसतं धरून ठेवलं. मग त्यात एकदा गजगे दिले, एकदा पीस दिलं, एकदा मांजराचं पिल्लू. दसऱ्यानंतर हात आपणहून मांडीखालून बाहेर आला. पेन्सिल त्यानं उचलली तेव्हा नाताळ जवळ आला होता. पोर म्हणाली, "आजोबांना नाय सांगायचं." बाई म्हणाल्या, "नाय सांगणार." दोघींचं ठरलं. घरी उजवा, शाळेत डावा.

"तुम्ही मला बोलावून सांगायचं," मी म्हटलं. आवाज चढवता येत नव्हता.

"ती तयार नव्हती. मी तिचं ऐकलं. तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत होतं."

ताटावर बसली की मी तिच्या डाव्या हातावर चमचा टेकवायचो. उजवा, गो, उजवा. एवढंच. ... टेकवायचो असं लिहिलं मी. ते खोटं आहे. मारायचो. जोरात नाही, पण मारायचो, आणि माझ्या मनात कधीही आलं नाही की या हाताला मी ओळखतो.

बाईंनी फळीवरून एक गणपती खाली घेतला आणि माझ्यासमोर ठेवला. चार हात, बोटं नसलेले. आणि मागून डावीकडे निघालेला पाचवा, पाचही बोटांसकट.

"तिनं पुन्हा केला," बाई म्हणाल्या. "पहिला कोणीतरी मोडला होता. वर्गातल्या पोरांनी तिला विचारलं, पाच कसे? ती म्हणाली, हा शाळेचा हात हाय, घरी लपवायचा असतो."

काढ म्हणतो तर. माझेच शब्द.

मग मी डोळे बघितले. बाकीच्या गणपतींचे डोळे पोरांनी काढलेले, गोल, ठिपके, फुल्या. या गणपतीचे डोळे आखलेले होते. वरची रेघ कानाकडे गेलेली, कुठं न थांबता, कुठं न थरथरता. मी माल ओळखतो. सात वर्षांच्या पोरीनं डाव्या हातानं काढलेली ती रेघ मला आयुष्यात एकदाही काढता आली नाही. बुबुळात पांढरा ठिपका होता. गणपती माझ्याकडे बघत होता.

बाईंचा मी हेवा करत होतो ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मला हेवा वाटला तो माझ्या नातीचा. सात वर्षांच्या पोरीचा, एवढ्या मोठ्या माणसाला. तिच्या डाव्या बाजूला कोणीतरी जून ते नाताळ बसून राहिलं होतं.

मी उठलो. दाखला रजिस्टरातच राहिला, छत्रीही राहिली. छत्री दुसऱ्या दिवशी आर्यानं आणली. रोह्याची जागा कोणालातरी मिळाली असेल.

वाटलं होतं, आता घरी सांगून टाकू की डाव्यानं लिही, झालं. सांगितलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि उजव्या हातानं वरण कालवत राहिली. मी समजावलं, आमिष दाखवलं, चिडलो, गयावया केलं. माझी सगळी हत्यारं काढली. तिचा विश्वास बसेना. शेवटी मी काय केलं, तर तिच्या डाव्या बाजूला ताट घेऊन बसायला लागलो. काही न बोलता. दिवाळीत तिनं माझ्यासमोर डाव्या हातानं रांगोळीची पहिली रेघ ओढली. बायको म्हणाली, "अहो, डोळे पुसा, रांगोळीत पाणी पडतंय."

आता ती नववीत आहे. श्रावणात शाळा सुटली की कारखान्यात येते, वेणी मागे टाकते, स्टुलावर बसते आणि डाव्या हातानं आखणी करते. पार्ट्या तिच्याच मूर्ती मागतात. माझे जुने कारागीर मान वेळावून बघतात. काशिनाथ म्हणतो, "शेठ, पोरगी डावीकडून चालू करते, आमच्या उलट. पण बघतोय तो." मी बघतो. रोज बघतो, आणि रोज माझ्या डाव्या मनगटाला सुतळी काचते.

काल बाई आल्या होत्या, नेहमीप्रमाणे शाडू न्यायला. केस पांढरे झालेत. पुढच्या वर्षी निवृत्त होणार म्हणतात. आर्यानं स्टूल सोडून त्यांना बसायला दिलं. त्यांनी पिशवीतून एक डबी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. आत दात. कागदावर नाव. सात वर्षं सांभाळलेला. पोरीनं तो मला दाखवला नाही, बाईंनाच मिठी मारली.

मी मूर्तींच्या मागे उभा होतो. विचारायचं होतं ते विचारलं नाही. म्हणून इथं लिहितो.

गुरुजी गेले. बाप गेला. मामा गेला. सुतळी कुजली असेल. जबाब विचारायला बाई सोडून कोणी उरलेलं नाही, आणि बाईंचा तर तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता, हे मला कळतं. तरी त्यांनाच विचारतो, कारण मूल कसं बघायचं हे त्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत आहे त्यानंच सांगायला हवं. नदीपलीकडच्या त्या ओसरीत एक डावरा पोरगा सगळा श्रावण हात बांधून बसला होता. त्याच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती. तिथं कोणी का बसलं नाही?

बाई, जबाब द्या. माझ्यासमोर आखणी झालेल्या मूर्ती आहेत. मी घासाघीस करणार नाही.